नवशिक्याला गोल्फ शिकवताना होलपासून मागे या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही स्वतः १८ च्या हँडिकॅपवर, म्हणजे हौशी खेळाडूंत मध्यम दर्जाचं, खेळता. वहिनींना, म्हणजे तुमच्या पत्नीला, आणि दहा वर्षांच्या लेकीला खेळ शिकायचाय. दोन रविवार तुम्ही त्यांना ड्रायव्हिंग रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) नेलंत, शंभर-शंभर बॉल घेतलेत, हातात सेव्हन आयर्न (मध्यम अंतराचा लोखंडी क्लब) दिलात आणि ‘डोकं खाली ठेव, बॉल बघ, डावा हात सरळ’ हे सांगत राहिलात. वहिनींचे निम्मे बॉल जमिनीवरून घरंगळले, उरलेले उजवीकडे वळून गेले. लेक वीस बॉल मारून कंटाळली. आता तुम्ही विचारताय की सुरुवात कुठून करायची, आणि घरच्यांना आपण शिकवावं की नाही.

शिकवा, जरूर शिकवा. फक्त रेंजवर सुरुवात करू नका, आणि बोलणं एकदम कमी करा.

मी बावीस वर्षं नवशिक्यांना शिकवतोय. त्याआधी शाळेत असताना कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणारा पोरगा, होतो. सोमवारी कोर्सवर सभासद नसायचे, तेव्हा आम्हा पोरांना खेळायला मिळायचं. चौघांत मिळून एक जुना सेव्हन आयर्न आणि एक पटर (बॉल घरंगळत होलमध्ये घालायचा क्लब). बॉल हरवला तर दुसरा कुठून आणायचा? म्हणून लांब मारायचोच नाही. ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, कडेने दहा पावलांवरून, वीस पावलांवरून, झाडाच्या आडून, असं खेळायचो. लांबचा फटका त्याच छोट्या फटक्यातून हळूहळू वाढत गेला, कुणी वेगळा शिकवला नाही. स्पेनचा नामवंत गोल्फपटू सेव्हे बायेस्तेरोस लहानपणी गावच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाच थ्री आयर्नने खेळून मोठा झाला, हे मला फार नंतर कळलं, आणि कळल्यावर जरासुद्धा नवल वाटलं नाही.

एवढं असून मी शिकवायला लागलो तेव्हा सगळ्यांसारखा रेंजवर फुल स्विंगपासूनच, म्हणजे पूर्ण झोक्याच्या लांब फटक्यापासूनच, सुरू केला. लोक त्यासाठीच येतात असं वाटायचं. पहिल्या तीन-चार वर्षांत कितीतरी जण दुसऱ्या महिन्यातच यायचे बंद झाले. त्यातले काही चेहरे अजून डोळ्यांसमोर येतात. त्यांच्यात काही कमी नव्हतं. खेळ मी त्यांना चुकीच्या टोकाकडून दाखवला होता.

म्हणून आता पहिला तास प्रॅक्टिस ग्रीनवर. क्लब हातात द्यायच्या आधी मी तीन बॉल देतो आणि म्हणतो, हाताने, खालून, त्या होलकडे टाका. दहा पावलांवरून. सगळे जण कसे टाकतात ते एकदा बघाच. पहिला बॉल पुढे जातो, दुसरा मागे राहतो, तिसरा जवळ. टाकताना कुणी हाताकडे बघत नाही, होलकडे बघतात. आणि जवळजवळ प्रत्येक जण बॉल हवेत थोडा टाकून उरलेलं अंतर घरंगळू देतो. मी विचारतो, ‘हात किती मागे न्यायचा हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ कुणीच नाही. अंतर शरीराला समजतं. आपलं काम त्या समजेच्या आड न येणं. हाच माझा पुटिंगचा पहिला धडा आणि हाच चिपिंगचाही (ग्रीनबाहेरून बॉल थोडा उडवून होलकडे घरंगळू देणं म्हणजे चिप).

मग पटर. होल १०८ मिलिमीटर रुंद, बॉल साधारण ४३ मिलिमीटरचा. म्हणजे होलच्या तोंडावर अडीच बॉल शेजारी-शेजारी बसतील. तीन फुटांवरून नवशिक्यालाही तो पडताना दिसतो, आणि बॉल आत पडल्याचा तो टक् आवाज पहिल्याच दिवशी ऐकायला मिळणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पाय आरामात, डोळे साधारण बॉलच्या वर, मनगटं शांत, खांद्यांनी झोका. एवढंच सांगायचं. तीन फुटांवरून दहा बॉल. मग होल सोडून द्या आणि ग्रीनच्या कडेकडे मारायला सांगा: बॉल कडेला जाऊन थांबला पाहिजे, बाहेर पडता कामा नये. यात दिशेची भीती नसते, फक्त जोर कळायला लागतो. मग आणखी एक करा. मारल्याबरोबर डोळे मिटायला लावा आणि विचारा, ‘कमी पडला की जास्त?’ पंधरा मिनिटांत उत्तरं बरोबर यायला लागतात. तीन पुट बहुतेक वेळा अंतर चुकल्यामुळे लागतात, दिशा चुकल्यामुळे क्वचित. पार ७२ च्या कोर्सवर, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत पुरे होणं अपेक्षित असतं तिथे, प्रत्येक होलला दोन पुट गृहीत धरलेले असतात, म्हणजे ३६. निम्मा खेळ. त्याला कुणी निम्मा वेळ देत नाही, तुम्हीही देत नसाल.

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रीनवर बर्म्युडा गवत असतं आणि त्याला कल असतो. गवताच्या पात्यांच्या दिशेने बॉल पळतो, उलट मारला की अडतो. हे पहिल्या महिन्यात सांगू नका. त्यांना आपोआप प्रश्न पडेल, तेव्हा सांगा.

दुसऱ्या दिवशी चिप. ग्रीनच्या बाहेर तीन-चार पावलांवर उभं करा. पाय जवळ-जवळ, वजन डाव्या पायावर आणि ते तिथेच ठेवायचं, बॉल मध्यभागी. क्लब पिचिंग वेज. ग्रीनवर रुमाल अंथरा आणि बॉल रुमालावर टाकायला सांगा, होलचं नाव काढू नका. इथे नवशिक्याची सगळ्यांत मोठी गैरसमजूत उघडी पडते: त्याला वाटतं बॉल उचलायचा असतो. तो मनगटाने चमच्यासारखा खालून काढायला जातो, वजन उजव्या पायावर येतं, क्लब बॉलच्या आधी जमिनीत घुसतो किंवा वर येता-येता बॉलच्या डोक्यावर लागतो. मी वेज आडवा धरून त्याच्या तोंडाचा उतार दाखवतो. पिचिंग वेजचा उतार साधारण ४५ अंशांचा असतो. बॉल वर नेण्याचं काम या उताराचं आहे, तुमचं नाही. तुम्ही फक्त गवत झाडायचं, केरसुणी फिरते तसं. वहिनींना हे एका मिनिटात पटेल.

आता त्यांचे घरंगळणारे बॉल. तुम्ही त्यांना ‘डोकं खाली’ म्हणालात. प्रत्येक नवरा, प्रत्येक बाप, प्रत्येक मित्र हेच म्हणतो, आणि या खेळात याच्याइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या सूचनेने केलेलं मी पाहिलं नाही. बॉलच्या वरच्या भागाला क्लब लागतो तो डोकं वर गेल्यामुळे नाही. बॉल उचलायच्या धडपडीत हात कोपरात आखडतात, शरीर मागच्या पायावर झुकतं, आणि क्लबचा सगळ्यांत खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो. डोकं वर गेलेलं दिसतं तो त्याचा परिणाम. माणसाने डोकं खिळ्याने ठोकल्यासारखं धरलं की छाती वळत नाही, वजन डावीकडे जात नाही, आणि कंबर दुखते. चाळिशीच्या पुढच्या माणसाला तर नक्की दुखते. त्याऐवजी सांगा: फटका संपल्यावर पोटाचं बटण टार्गेटकडे, उजव्या पायाची टाच वर, आणि तिथेच मूर्तीसारखं तीन सेकंद उभं राहायचं. शेवट बरोबर झाला की मधलं पुष्कळसं आपोआप नीट होतं.

ग्रिपवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण उजवीकडे वळणाऱ्या बॉलचं मूळ बहुतेक तिथे असतं.

माझ्याकडे कुणी नवा माणूस आला की मी आधी त्याचा हातमोजा मागतो. तळव्याच्या खालच्या गादीवर, करंगळीच्या बाजूला, चामडं झिजून भोक पडलं असेल तर स्विंग बघायच्या आधीच मला कळतं की क्लब बोटांत नाही, तळव्यात धरलाय आणि दर फटक्याला तो हातात फिरतोय. गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गृहस्थ आले. सहा महिन्यांत चार हातमोजे संपवले होते, सगळ्यांना एकाच जागी भोक. त्यांना वाटत होतं माल खराब आहे. मी त्यांना बागेच्या नळावर नेलं, बादली अर्धी भरली आणि म्हटलं, डाव्या हाताने उचला. बादलीची कडी तळव्यात कुणी धरत नाही. ती बोटांच्या मुळाशी बसते, आणि हात सैल, लांब, खांद्यापासून लोंबतो. ‘आता खाली बघा. हाताची किती हाडं दिसतात?’ दोन दिसत होती, तिसरं अर्धवट. बादली ठेवली, हात तसाच ठेवायला सांगितला आणि तिथे क्लबचा दांडा दिला. ते म्हणाले, ‘हे वेडंवाकडं वाटतंय.’ वाटणारच होतं. सहा महिने ते अंगठा दांड्यावर सरळ ठेवून, मुठीचं एकही हाड दिसू न देता धरत होते.

त्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे वहिनींना नुसतं ‘असं धर’ म्हणावं लागणार नाही. डावा हात सैल सोडला की तो थोडा आतल्या बाजूला वळून लोंबतो. ती त्याची स्वाभाविक ठेवण. क्लब वेगाने खाली येतो तेव्हा हात त्याच ठेवणीला परत जातो. आपण उभं राहताना हात तसाच ठेवला असेल तर क्लबचं तोंड सरळ येतं. आपण हात मुद्दाम डावीकडे वळवून ‘सरळ’ ठेवला असेल, तर हात स्वाभाविक जागी परत जाताना तोंड उजवीकडे उघडतं. बॉल सुरुवातीला जवळजवळ तोंडाच्याच दिशेने निघतो, आणि स्विंगच्या वाटेपेक्षा (क्लब ज्या दिशेने फिरतो तिच्यापेक्षा) तोंड जितकं उघडं तितका उजवीकडे वळतो. मग माणूस काय करतो? बॉल उजवीकडे जातो म्हणून डावीकडे रोखून उभा राहतो. त्याने वाट आणखी डावीकडे जाते, तोंड आणि वाट यांतला फरक वाढतो, बॉल आणखी वळतो. दोन महिन्यांत त्याची सवय होते आणि मग ती काढायला वर्ष लागतं. तुमच्याही खेळात हे असण्याची शक्यता बरीच आहे. रागावू नका, पण आधी स्वतःचा हातमोजा बघा.

उजव्या हाताचं सोपं आहे. दांडा मधल्या दोन बोटांत, आणि डावा अंगठा उजव्या तळव्याच्या खोबणीत झाकून जायला हवा. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये जो ‘व्ही’ होतो तो उजव्या खांद्याकडे रोखलेला. उजवी करंगळी डाव्या बोटांवर ठेवायची, की तर्जनीत अडकवायची, की दहाही बोटं दांड्यावर ठेवायची, यावर लोक तासन् तास बोलतात. हॅरी वार्डन करंगळी वर ठेवायचा, जॅक निक्लॉस अडकवायचा, टायगर वूड्सही अडकवतो. लेकीचे हात लहान आहेत, तिला दहा बोटं. वहिनींना जे सुखाचं वाटेल ते. दाब मात्र हलका. टूथपेस्टच्या उघड्या ट्यूबला हात लावल्यासारखा: निसटू नये आणि बाहेरही येऊ नये. बदललेली ग्रिप किमान दोन-तीन आठवडे परकी वाटते, आणि या काळात बॉल मारून ती पक्की होत नाही, कारण फटका वाईट गेला की हात जुन्या जागी जातो. घरी सोफ्याच्या बाजूला एक क्लब ठेवा. येता-जाता धरायचा, बघायचा, सोडायचा. दिवसातून वीसदा. बॉल नको, स्विंग नको.

उभं राहण्याबद्दल फार नाही. गुडघे किंचित सैल, वाकणं कमरेतून, पाठ लांब, हात खांद्याखाली लोंबते. सेव्हन आयर्नला बॉल साधारण मध्ये. दिशेसाठी जमिनीवर एक काठी ठेवा, पायांची बोटं तिला समांतर.

आता रेंज. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा, आणि शंभर बॉल घेऊ नका. तिघांत मिळून साठ पुरे. अर्धा स्विंग: हात मागे कमरेपर्यंत, पुढे कमरेपर्यंत, बास. हे चिपचंच मोठं भावंड आहे हे त्यांना दिसलं पाहिजे. रेंजच्या मॅटबद्दल एक खबरदारी. मॅट खोटं बोलते. क्लब बॉलच्या चार बोटं मागे पडला तरी तो रबरावरून घसरत पुढे येतो आणि बॉल बऱ्यापैकी जातो. तोच फटका कोर्सवर, पावसाळी ओल्या जमिनीवर, मातीत रुतून बसतो आणि बॉल दहा पावलं जातो. म्हणून बॉलच्या मागे वीतभर अंतरावर छोटा टॉवेल घडी करून ठेवा. क्लब टॉवेलला लागला नाही पाहिजे. मागे जातानाही नाही, खाली येतानाही नाही. काही सांगावं लागत नाही, टॉवेलच सांगतो. जिथे गवतावर मारायला मिळेल तिथे खडूची रेघ ओढा, रेघेवर बॉल नको, नुसता स्विंग, आणि गवत कुठून झाडलं ते बघा. रेघेच्या पुढे, म्हणजे टार्गेटच्या बाजूला, झाडलं गेलं की बॉल ठेवा.

शिकवताना तुमचं वागणं कसं असावं, हेही लिहितो. घरच्यांना शिकवताना खरी अडचण बोलण्याची असते. दर फटक्यानंतर तोंड उघडलंत की त्या बॉल मारत नाहीत, तुम्हाला उत्तर देतात. एका दिवशी एकच गोष्ट. ती सांगून झाली की दहा बॉल गप्प. मग विचारा, ‘काय जाणवलं?’ वहिनी म्हणतील, ‘हात आखडले.’ ते त्यांनी म्हटलेलं तुमच्या दहा सूचनांपेक्षा जास्त दिवस टिकतं. आणि स्वतः शेजारी उभं राहून ड्रायव्हर (सगळ्यांत लांब मारायचा क्लब) मारून दाखवू नका. त्यांना तो आवाज ऐकून फुल स्विंगच मारावासा वाटतो.

लेकीबद्दल. मोठ्यांचा क्लब कापून देऊ नका. लांबी कमी होते पण वजन आणि दांड्याचा ताठपणा तसाच राहतो, आणि मूल तो पेलण्यासाठी सगळं अंग वाकडं करतं. तिच्या उंचीचा हलका क्लब घ्या, जुना मिळाला तरी चालेल. तीन पुरेत: पटर, एक वेज, एक मधला आयर्न. तिला तंत्र जवळजवळ काही सांगू नका, ग्रिप सोडून. जोरात मारू द्या. या वयात वेग येतो, अचूकता नंतर आणता येते. उलटं मी फार कमी वेळा घडताना पाहिलंय. वीस मिनिटं, खेळ करून: बादलीत चिप टाकायची, बाबांशी पुटची पैज, हरेल त्याने बॉल गोळा करायचे. ती ‘आणखी’ म्हणत असतानाच थांबवा.

ती सोसायटीत क्रिकेट खेळते असं तुम्ही लिहिलंय, डावखुरी बॅटिंग करते, पण लिहिते उजव्या हाताने. हे आपल्याकडे वारंवार दिसतं आणि लोक घाईने डावे क्लब घेऊन टाकतात. थांबा. तिच्या हातात नुसती काठी द्या आणि जमिनीवरचं वाळलेलं पान उडवायला सांगा, कुठल्या बाजूने हे सांगू नका. चार-पाच वेळा, वेगवेगळ्या दिवशी. ज्या बाजूने ती न विचार करता उभी राहते ती बाजू. डावीच निघाली तर डावे क्लब घ्या, मुलांच्या मापाचे डावे क्लब शोधायला वेळ लागेल एवढंच. क्रिकेटमधून येणाऱ्यांची आणखी एक खूण म्हणजे खालचा हात. आडवा फटका मारताना खालचा हात जोर करतो, तोच जोर गोल्फला लावला की क्लब बाहेरून आत येतो. यावर उपाय म्हणून मी वरच्या एकट्या हाताने छोट्या चिप मारायला लावतो. दहा-बारा दिवसांत हात शांत होतो.

सुरक्षितता सगळ्यांत आधी सांगायला हवी होती, पण लिहिण्याच्या ओघात मागे राहिली. मुलं क्लब हातात आला की फिरवतात. नियम एकच आणि तो पहिल्या मिनिटाला: क्लब फिरवणाऱ्याच्या चार-पाच पावलांत कुणी नाही, मागेही नाही. बॉल भलतीकडे गेला तर ‘फोर!’ ओरडायचं, लाजायचं नाही. मी एका मुलाच्या भुवईवर टाके पडलेले पाहिलेत, आणि क्लब त्याच्याच भावाच्या हातात होता.

ड्रायव्हर केव्हा? सेव्हन आयर्नचे दहातले सहा-सात बॉल हवेत आणि ढोबळमानाने सरळ जायला लागले की. ड्रायव्हरच्या तोंडाला उतार सगळ्यांत कमी, म्हणून तोंड थोडं जरी उघडं राहिलं तरी बॉल सगळ्यांत जास्त वळतो. शिवाय त्याचा फटका वर जाता-जाता लागायला हवा, आयर्नचा खाली येता-येता. नवशिक्याला दोन्ही एकदम शिकवले की दोन्ही बिघडतात. लांब मारता येत नाही म्हणून वहिनी खट्टू झाल्या तर त्यांना अदिती अशोकचं सांगा. टोक्यो ऑलिम्पिकमध्ये ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं, आणि त्या स्पर्धेत तिच्यापेक्षा लांब मारणाऱ्या पुष्कळ जणी होत्या. तिने पुटिंगवर त्यांना गाठलं होतं.

दोन-अडीच महिन्यांनी कोर्सवर न्या. संध्याकाळी उशिरा, मागे कुणी नसेल अशा वेळी. टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून, सुरू करू नका. प्रत्येक होलला ग्रीनपासून पन्नास यार्डांवर बॉल ठेवा आणि तिथून खेळा. ते जमलं की पुढच्या वेळी शंभर, मग दीडशे. टीपर्यंत पोचायला पाच-सहा फेऱ्या लागतील. स्कोअर लिहायचाच असेल तर फक्त पुट मोजा. बॉल हरवला तर तीन मिनिटं शोधायचा, नियमही तेवढाच वेळ देतो, मग दुसरा टाकायचा. ग्रीनवर बॉलने पडलेला खळगा बुजवणं आणि बंकरमधली वाळू दाताळ्याने सारखी करणं हे लेकीकडे द्या. मुलं ते काम फार मनापासून करतात, आणि तिने बुजवलेल्या जागेवरून तुमचा पुट गेला की तिला कळेल ते कशासाठी असतं.